टायटॅनियम वितळत नाही, मग फाटतं कशानं?

प्रश्न : सर, मी वाळूजला एका फोर्जिंग शॉपमधे (तापवलेला धातू ठोकून आकार द्यायचं काम) आहे, ग्रेड फाइव्ह टायटॅनियमचे जॉब अधूनमधून येतात. मेल्टिंग पॉइंट स्टीलपेक्षा जास्त, तरी हॅमरखाली कडेला तडे जातात अन् वरून डिझाइनवाले म्हणतात ४०० डिग्रीच्या वर वापरू नका. असं का?
– एक वाचक, वाळूज एमआयडीसी

उत्तर : भाऊ, मेल्टिंग पॉइंटवर जाऊच नका. शुद्ध टायटॅनियम १६६८ डिग्रीला वितळतं हे खरं, पण ताकद त्याच्या लई आधी जाते. तुमच्या ग्रेड फाइव्हमधे ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम, आत अल्फा अन् बीटा असे दोन फेज, म्हणजे अणूंची मांडणी वेगळी असलेले दोन भाग. अल्फा अडेल, बीटा गरम असताना मऊ, अन् साधारण ९९५ डिग्रीच्या वर सगळं बीटाच होतं आणि धातूतले दाणे (बारीक स्फटिक) भराभर फुगतात, म्हणून फोर्जिंग शक्यतो त्याच्या जरा खालीच, ९५० च्या आसपास करतात.

आता तडे. गरम टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन नुसता वर धरत नाही तर आत ओढून घेतं, त्यानं वरचा थर कडक अन् ठिसूळ होतो, त्याला अल्फा केस म्हणतात. विरी गेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना कड चिरते ना, तसंच. जेवणाच्या सुट्टीत बार भट्टीत पडून राहिला की हा थर वाढलाच समजा. एक तुकडा कापून पॉलिश अन् एचिंग (रसायन लावून आतली रचना उठून दिसेल असं करणं) करून मायक्रोस्कोपखाली बघा, कडेला पांढरी पट्टी दिसेल.

दुसरं, याच्यातून उष्णता फार हळू जाते, साध्या स्टीलच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. थंड डायला (आकार देणाऱ्या साच्याला) टेकलेली कातडी लगेच गार, अन् जोरात ठोकलं तर आतली उष्णता एका पट्टीत कोंडते, ती पट्टी मऊ पडून सगळं सरकणं तिथंच होतं, अल्फा-बीटाच्या हद्दीवर बारीक पोकळ्या होतात, त्या जोडल्या की झाला तडा. डाय तापवा, काचेचं कोटिंग द्या, भट्टीत लागेल तेवढाच वेळ ठेवा.

४०० चं कारण वेगळं, क्रीप. लोड तोच असला तरी जॉब तासन्‌तास हळूहळू ताणत राहतो. विमानाच्या इंजिनात पुढच्या कॉम्प्रेसरला टायटॅनियम अन् मागं तापलेल्या टर्बाइनला निकेल ॲलॉय, त्याचं एक मोठं कारण हेच. ६०० पर्यंत टिकणारे टायटॅनियमचे ॲलॉय आहेत, पण ते ग्रेड फाइव्ह नाहीत.

अन् हो, अल्फा केस काढायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड शॉपमधे आणू नका, जीवघेणं असतं ते, शिवाय प्रमाण चुकलं तर धातूत हायड्रोजन शिरतो. मशीनिंगला स्टॉक (जास्तीची जाडी) ठेवा अन् पहिला कट थराच्या खालून घ्या, नाहीतर इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) जातो.