नारिंग, संत्रं आणि म्हाळुंग

कोल्हापुरातल्या एका ताईंनी विचारलंय : "आमच्या आजऱ्याच्या घरामागं परसात एक जुनं झाड आहे. फळ दिसायला संत्र्यासारखं, पण साल चिवट, रस आंबट आणि मागून कडू. आज्जी त्याला नारिंग म्हणते. मोबाइलवरच्या ॲपला फोटो दाखवला तर 'बिटर ऑरेंज, सिट्रस ऑरँशियम' असं आलं. रोपवाटिकेवाले म्हणाले, हे जंबेरीचं खुंट आहे, तोडून टाका. मराठीत याला कडू संत्रं म्हणायचं की नारिंग? अंबाबाईच्या हातातलं म्हाळुंग ते हेच का? आणि संत्रा हा शब्द पोर्तुगीज आहे म्हणतात, ते खरं का?"

शब्दापुरतं बोलायचं तर आज्जींचं बरोबर आहे. बिटर ऑरेंजला मराठीत नारिंग हाच शब्द आहे. फार तर स्पष्टतेसाठी कडू नारिंग म्हणा. कडू संत्रं मात्र नको. त्यातून वाटतं, की मूळ फळ संत्रं आणि हा त्याचा बिघडलेला प्रकार. शब्दांच्या इतिहासातही असं नाही आणि वनस्पतिशास्त्रातही नाही. रोपवाटिकेवाले म्हणतात ते खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड, आहे की नाही हे पान बघून ठरेल. तोवर कुऱ्हाड लावू नका.

आता नारिंग म्हणून बाजारात काही मिळत नाही, हे खरंच. कपिलतीर्थ मंडईत एका फळवाल्या मावशींना विचारून पाहिलं. "नारिंग? त्ये काय आनि? संत्री हाईत की गोड, घ्या." फळ बाजारातून गेलं तसा शब्दही गेला आणि मागे उरला तो रंगाच्या नावात. नारिंगी साडी आपण म्हणतो, संत्री साडी कुणी म्हणत नाही. दुसरा मुक्काम देशी दारूच्या दुकानात. तिथली 'मोसंबी-नारंगी' ही जोडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिचा फळाशी किती संबंध असतो ते सोडून देऊ.

शब्दाची कुंडली मात्र मोठी आहे. संस्कृतात नारंग आणि नागरंग अशी दोन्ही रूपं सापडतात. नागरंग पाहून नाग अधिक रंग अशी फोड करायचा मोह होतो, पण ती मागाहून जुळवलेली दिसते. शब्द मुळात द्रविड कुळातला असावा असं बरेच भाषाशास्त्रज्ञ धरतात. तमिळमध्ये आजही नारत्तै आहे, मलयाळममध्ये नारंगा म्हणजे चक्क लिंबू. गंमत अशी, की आपल्याला अगदी खेटून असलेल्या कन्नडमध्ये रोजच्या बोलण्यातला शब्द वेगळाच आहे. निपाणीच्या पलीकडं संत्र्याला कित्तळे म्हणतात.

इथून शब्द फारसीत गेला तो नारंग होऊन, अरबीत नारंज झाला. अरबांनी हे झाड भूमध्य समुद्राच्या काठाला नेलं, सिसिलीत आणि स्पेनमध्ये लावलं. स्पॅनिशमध्ये नारांखा झालं. इटालियनमध्ये सुरुवातीचा न गळून अरांचा झालं आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ऑरेंज. या प्रवासात महत्त्वाची गोष्ट ही, की तेव्हा झाडाला लागलेलं फळ गोड नव्हतं. युरोपानं पहिली काही शतकं ज्याला ऑरेंज म्हटलं ते तुमच्या परसातल्यासारखं कडू-आंबट नारिंग होतं. सेव्हिल शहरातल्या रस्त्यांच्या कडेला आजही तीच झाडं उभी आहेत आणि इंग्रजांचा मार्मलेड त्याच फळाच्या सालीचा होतो. गोड फळ तिकडं रुजलं ते पंधराव्या-सोळाव्या शतकात, आणि ते पसरवण्यात पोर्तुगीज पुढे होते. त्यामुळं बऱ्याच भाषांनी गोड फळाला पोर्तुगालचंच नाव देऊन टाकलं. तुर्कीत पोर्ताकाल, ग्रीकमध्ये पोर्तोकाली, अरबीत बुर्तुकाल. इराणी माणसानं तर हिशोब चोख ठेवला आहे. गोड ते पोर्तेगाल, कडू ते नारंज. माशावर पिळायला तो नारंज मागतो आणि त्याला नारंजच मिळतं. आपल्याला तो भेद टिकवता आला नाही, एवढंच.

आता शास्त्रीय नावाकडं. लिनीयस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1753 साली नाव दिलं सिट्रस ऑरँशियम. यातलं ऑरँशियम म्हणजे त्याच अरांचाला मध्ययुगीन लॅटिनचा अंगरखा. लॅटिनमध्ये सोन्याला ऑरुम म्हणतात, त्या शब्दाच्या ओढीनं अचा ऑ झाला. म्हणजे ॲपनं तुम्हाला जे भारदस्त नाव सांगितलं, त्यातही आज्जींचंच नारिंग आहे.

लिनीयसकडं या सगळ्या फळांसाठी खाती दोनच होती. एक मेडिका, दुसरं ऑरँशियम. म्हाळुंग आणि पिवळं लिंबू पहिल्यात, नारिंग, गोड ऑरेंज (आपली मोसंबी ज्यातली, ते) आणि पपनस दुसऱ्यात. पुढं ऑस्बेकनं 1765 मध्ये गोड फळाला सायनेन्सिस असं स्वतंत्र नाव दिलं, म्हणजे चिनी. मग विसाव्या शतकात गोंधळ शिगेला पोचला. अमेरिकेतल्या स्विंगलनी सगळ्या लिंबूवर्गात 16 जाती मानल्या आणि जपानच्या तानाकांनी 162. झाडं तीच, बागा त्याच! कारण उघड आहे. या कुळात कुणाचंही कुणाशीही जमतं, परागकण इकडचे तिकडं गेले की नवं झाड तयार. त्यात प्रत्येक वेगळ्या फळाला जात म्हणायचं की संकर, हे नुसतं झाडाकडं बघून ठरवणं अवघड होतं.

तो निकाल लावला जनुकांनी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या फळांचे जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचे संच, वाचले गेले, तेव्हा दिसलं की बाजारातली बहुतेक सगळी लिंबूवर्गीय फळं थोड्याच मूळ पूर्वजांच्या सरमिसळीतून आली आहेत. त्यातले मुख्य तीन : पपनस, मँडरिन (आपल्या संत्र्याचा गट) आणि म्हाळुंग. नारिंग हे पपनस आणि मँडरिन यांचं थेट अपत्य निघालं. आई पपनस, बाप मँडरिन. आई कोण हे कळतं, कारण पेशीतलं हरितलवक या झाडांत आईकडूनच येतं आणि नारिंगातलं हरितलवक पपनसाचं आहे. आपलं नागपुरी संत्रं मँडरिन गटातलं. म्हणजे नात्यानं पाहिलं तर संत्रं नारिंगाच्या बापाच्या घरचं, आणि नारिंगाला कडू संत्रं म्हणणं म्हणजे लेकराला बापाचं नाव लावून वर 'कडू' हे विशेषण चिकटवणं.

कडूपणा मात्र आईकडून आलाय. पपनसाची पांढरी साल जिभेला लागली की जी चव येते, त्यातला मुख्य पदार्थ नारिंजिन. रसायनशास्त्रानं हे नावही आपल्या नारिंगावरूनच घेतलं. मँडरिनमध्ये तो कडू पदार्थ नसतो. मोसंबी हीसुद्धा पपनस आणि मँडरिन यांच्याच रक्ताची, पण तिचा वंश सरळ एका पिढीचा नाही, गुंतागुंतीचा आहे, आणि कडूपणाची ती वाट तिच्यात बंद झालेली आहे.

म्हणून हल्ली पुस्तकात सिट्रस आणि ऑरँशियम या दोन शब्दांच्या मधे एक फुलीचं चिन्ह दिसतं. ते गुणाकाराचं नाही. हे झाड मूळ जात नसून संकर आहे, एवढंच ते सांगतं. मराठीत लिहिताना आपण ते बिनदिक्कत गाळतो, आणि तिथंच अर्धी माहिती सांडते. यात आणखी एक पाचर आहे. मॅबरली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1997 मध्ये सुचवलं, की पपनस-मँडरिन यांचे सगळेच संकर एकाच नावाखाली घ्यावेत. ती पद्धत मानली तर नारिंग, मोसंबी आणि ग्रेपफ्रूट तिन्ही सिट्रस ऑरँशियमच! तुमच्या ॲपनं दिलेलं नाव त्यामुळं चूक नसलं तरी पुरेसंही नाही. शेतकी पुस्तकं अजून सायनेन्सिस वेगळं ठेवतात आणि बागाइतदाराच्या दृष्टीनं तेच सोयीचं आहे.

संकर असूनही नारिंग शतकानुशतकं तसंच्या तसं कसं राहिलं, असं तुम्हाला वाटेल. संकराचं बी लावलं की पुढची पिढी फाकते, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. पण नारिंगाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन रोपं उगवतात आणि त्यातली बहुतेक परागकणांशिवाय, आईच्याच ऊतीपासून तयार झालेली असतात. ती आईची हुबेहूब नक्कल. कलम नाही, डोळा नाही, तरी वाण टिकतो. अरबांनी नुसत्या बिया नेल्या असत्या तरी चाललं असतं.

या सगळ्या लिंबूवर्गाचं मूळ गाव विचाराल तर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचा पट्टा : आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार, चीनच्या युन्नानचा पश्चिम भाग. लिंबूवर्गाचे पूर्वज तिथून साधारण 80 लाख वर्षांपूर्वी पांगायला लागले असा जीनोमच्या अभ्यासाचा निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. मेघालयातल्या नोकरेकच्या जंगलात सिट्रस इंडिका ही रानटी जात अजून आहे. गारो लोक तिला मेमांग नारांग म्हणतात. मेमांग म्हणजे भूत. नारांग काय ते सांगायला नको.

आता पान. परसातल्या झाडाचं एक पूर्ण वाढलेलं पान देठासकट तोडा आणि उजेडात धरा. नारिंग असेल तर देठाला दोन्ही बाजूंनी हिरवे पंख दिसतील, चांगले रुंद, जणू मोठ्या पानाखाली एक छोटं पान जोडलंय. हे पंख पपनसाकडून आलेले. पपनसाचे याहून मोठे असतात, संत्र्याला जेमतेम एक कड असते, मोसंबीला अरुंद पट्टी. पान चुरगळून वास घ्या, नारिंगाचा वास उग्र आणि फुलासारखा येतो. मग कळी बघा. नारिंगाची कळी पांढरीशुभ्र असते. कळीवर आणि कोवळ्या पालवीवर जांभळट झाक असेल, देठाचे पंख जवळपास नसतील आणि फळ फुगरं, खडबडीत, पिवळसर असेल, तर मात्र रोपवाटिकेवाले बरोबर. ते जंबेरी. जंबेरी हा म्हाळुंग आणि मँडरिन यांचा संकर, आणि ती जांभळी झाक म्हाळुंगाकडची.

त्यांना तशी शंका आली यात नवल नाही. आपल्याकडं संत्र्या-मोसंबीचा डोळा जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. वरचं कलम मेलं आणि खालून खुंटाची फूट वाढली, की चारपाच वर्षांनी घरची माणसं म्हणतात, संत्र्याचं झाड बिघडलं, आंबट फळं यायला लागली. झाड काही बिघडलेलं नसतं, मुळात संत्रं असलेलं वरचं झाडच राहिलेलं नसतं. जगात इतरत्र खुंट म्हणून नारिंग फार वापरलं जायचं, पण ट्रिस्टेझा नावाच्या विषाणूनं घात केला. नारिंगावर बांधलेली गोड ऑरेंजची झाडं 1930 च्या दशकापासून ब्राझील आणि अर्जेंटिनात लाखोंनी वाळून गेली. ट्रिस्टेझा म्हणजे दुःख. रोगाला इतकं नेमकं नाव क्वचितच मिळतं.

म्हाळुंगाचं उत्तर एका वाक्यात : नाही, ते नारिंग नव्हे. अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात आहे ते म्हाळुंग म्हणजे संस्कृतातलं मातुलुंग, आणि दुर्गासप्तशतीच्या प्राधानिक रहस्यात देवीच्या हातातल्या वस्तूंच्या क्रमात ते पहिलं येतं : 'मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती'. त्याचं शास्त्रीय नाव सिट्रस मेडिका. ते मेडिका औषधाचं नाही, इराणातल्या मीडिया या जुन्या प्रांताचं. म्हाळुंग लांबट, गाठाळ, रस नावाला, सगळी साल. देठाला पंख अजिबात नाहीत. संकर नव्हे, अस्सल मूळ जात. तरी नारिंगाशी त्याची सोयरीक झालेली आहेच. युरोपातलं पिवळं लिंबू, ज्याला आपण हल्ली लेमन म्हणून दुकानातून आणतो, ते नारिंग आणि म्हाळुंग यांचं अपत्य. आपलं कागदी लिंबू वेगळं. त्याचा बाप म्हाळुंगच, पण आई निराळ्या रानटी जातीची. ईडलिंबू हे नाव मी मुद्दाम यात ओढत नाही, कारण लोणच्याच्या कुठल्याही मोठ्या, जाड सालीच्या लिंबाला लोक ते लावतात.

राहिला संत्रा. पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून हा शब्द आला असं कोशांतही वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. बाबरानं हिंदुस्थानातल्या फळांची यादी आपल्या आत्मचरित्रात दिली आहे, त्यात नारंज आहे, आणि नारंजाच्या वळणाचं फळ म्हणून संगतरा वेगळा सांगितला आहे. बाबर 1530 मध्ये वारला. पोर्तुगिजांनी गोवा घेतलं 1510 मध्ये. वीस वर्षांच्या आत एका पोर्तुगीज गावाचं नाव उत्तरेतल्या बागांत इतकं मुरलं, की बाबरानं ते इथलंच म्हणून नोंदवलं, हे जरा ताणल्यासारखं होतं. त्यात आपलं संत्रं मँडरिन गटातलं, आणि ते फळ इंग्लंडात पोचलं 1805 मध्ये. पोर्तुगालला आधीपासून माहीत होतं ते गोड ऑरेंज, म्हणजे आपल्या मोसंबीचं भावंड. तेव्हा संत्र्याला पोर्तुगीज ठरवायची घाई नको. मोसंबी मोझांबिकवरून आली, ते मात्र मान्य.