दोन बॉलचा सराव

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. सकाळी ग्राउंडवर बास्केटबॉलचे फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून मिळणारे मोकळे शॉट) टाकताना बॉल पाठोपाठ रिंगमध्ये पडतात आणि मॅचमध्ये त्याच रेषेवर हात जड होतो, असं लिहिलंस. शेवटी विचारलंस, ‘ताई, माझं मन कच्चं आहे का?’ मला तसं मुळीच वाटत नाही. खोट तुझ्या सरावात आहे आणि ती काढता येते.

तुझा सराव मी पाहिलाय. तू रेषेवर उभी असतेस, मैत्रीण रिंगखालून बॉल परत देते आणि तू टाकत राहतेस. तिसऱ्या-चौथ्या बॉलला हाताला अंदाज येतो: मागचा लांब गेला, आता जरा कमी. मॅचमध्ये हा अंदाज घ्यायला आधीचे बॉल कुठून आणशील? तिथं छाती धपापत असते, पंच बॉल हातात देतात आणि टाकायला पाच सेकंद मिळतात. फार तर दोन-तीन बॉल, बहुतेक वेळा दोनच. म्हणजे तिथं कस लागतो तो पहिल्या बॉलचा, आणि त्याचा सराव तुझ्याकडून सकाळभरात एकदाच होतो.

तेव्हा उद्यापासून दोन-दोनच टाक. कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळ, थांबू नकोस, लगेच रेषेवर ये, दोन टाक आणि रेष सोड. मग थोडे ले-अप (धावत रिंगजवळ जाऊन टाकायचे शॉट), थोडा डिफेन्स, आणि पुन्हा दोन. वहीत दोन रकाने कर, पहिला बॉल वेगळा आणि दुसरा वेगळा. दोघांची बेरीज करून स्वतःची समजूत घालू नकोस.

सुरुवातीला आकडा घसरेल. तेव्हा घाबरून जुन्या पद्धतीकडे वळू नकोस, हे मी हात जोडून सांगते. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली लोकांना शिकवल्या. काहींनी एकेक हालचाल सलग घोटली, काहींनी तिन्ही उलटसुलट क्रमानं केल्या. शिकताना सलग घोटणारे पुढे होते. काही दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा उलटसुलट करणाऱ्यांच्या अंगात ते जास्त मुरलेलं निघालं. सरावात सोपं जातंय म्हणजे पक्कं झालंय, असं नसतं.

आता पायांबद्दल. दमल्यावर तुझा बॉल आखूड पडतो, कारण गुडघे वाकत नाहीत आणि सगळं काम हातावर येतं. मग तू बॉल सरळ रेटतेस. रिंगचा व्यास ४५ सेंटीमीटर, मुलींच्या सहा नंबरच्या बॉलचा साधारण २३. ऐकायला भरपूर जागा वाटते. पण बॉल रिंगच्या पातळीशी ४५ अंशांच्या कोनात उतरला तर त्याला समोर जवळपास ३२ सेंटीमीटरचीच फट मिळते, आणि ३० अंशांत उतरला तर साडेबावीस, म्हणजे बॉलपेक्षाही कमी. तो रिंगला धडकणारच. म्हणून थकलीस की जोर वाढवण्याआधी गुडघे वाक, बॉल उंच सोड, मनगट शेवटपर्यंत खाली पडू दे.

रेषेवरचा क्रम एकच ठेव. बॉलचे किती टप्पे घ्यायचे ते तुझं तू ठरव, पण ते बदलू नकोस. एक श्वास सोड, मग नजर रिंगवर टेकव आणि बॉल सुटेपर्यंत हलवू नकोस. जोन व्हिकर्स या संशोधिकेनं १९९६ मध्ये फ्री थ्रो टाकणाऱ्यांची नजर मोजली होती. चांगल्या खेळाडूंची नजर बॉल टाकण्याआधी लक्ष्यावर जास्त वेळ स्थिर राहायची. तू मात्र बोर्ड, बेंच, स्कोअर असं सगळं बघतेस. मी बघत होते गं.

दडपणाचा सरावही करावाच लागतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आधी आपल्याकडे सोलापुरात नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारे रात्री रस्त्यावर सराव करतात ते तू बघितलंयस. काठी पेलून चालायची असते, म्हणून ते चालूनच शिकतात. तूही शेवटची जोडी सगळ्यांसमोर टाक. पोरींना दोन्ही बाजूंनी ओरडू दे. एकीचा बॉल चुकला म्हणून सगळ्या टीमला पळवायचं, ही शिक्षा मला पटत नाही, तिनं मैत्रिणींचीच भीती बसते. जोडी एकदाच टाकायची. गेली तरी घरी, चुकली तरी घरी. ‘ताई, अजून एकदा’ नाही.

आणि चुकणं मोठमोठ्यांनाही सुटलेलं नाही. १९९५ च्या एनबीए या अमेरिकी लीगच्या फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये ऑरलँडो संघाच्या निक अँडरसनचे शेवटच्या काही सेकंदांत लागोपाठ चार फ्री थ्रो चुकले. एकजरी गेला असता तर मॅच जवळजवळ हातात होती. ह्यूस्टननं बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये जिंकली. त्या मोसमात हाच माणूस दहातले साधारण सात टाकत होता.

उन्हाचं सांभाळ. एप्रिलपासून सोलापुरात दुपारी सिमेंटच्या कोर्टवर पाय ठेवू नकोस, पारा चाळिशी ओलांडतो आणि घामानं बॉल निसटतो. उजाडताच ये, रुमाल आण, पाणी पी. संध्याकाळी वारा सुटला तर लांबचे शॉट सोडून दे, उगाच हात बिघडतो.

पंधरा दिवसांनी रविवारी वही घेऊन ये. पहिल्या बॉलचा रकाना आधी बघू, आणि त्यावरून पुढचं ठरवू.

तुझी,
ताई