साहेबांचा पगार कोण ठरवतं?

(कंपन्यांचे कारभार, शेअर आणि कायदा यांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना एका निवृत्त कंपनी सेक्रेटरीची उत्तरं)

प्रश्न: मी एसटीच्या कराड आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. मुलगा इंजिनिअर होऊन हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत लागला. पगार वर्षाला 3 लाख 60 हजार. माझा पुतण्या दहा-बारा वर्षांपूर्वी असाच एका कंपनीत लागला, तेव्हा त्याला सव्वातीन लाख होते. म्हणजे एवढ्या वर्षांत पोरांच्या पगारात काही फरक नाही. या कंपन्यांच्या सर्वोच्च साहेबांचे पगार मात्र पेपरात कोटींमध्ये छापून येतात आणि वाढतच जातात. एका माणसाला एवढा पगार देणं योग्य आहे का? सरकार त्यावर मर्यादा का घालत नाही? तो कमी केला तर पोरांचे वाढतील का? माझा कंपन्यांशी संबंध एवढाच की दर महिन्याला दोन हजारांची एसआयपी भरतो. (एक वाचक, कराड)

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. नाही वाढणार. इन्फोसिसचंच उदाहरण घ्या. 2024-25 या वर्षात तिचे मुख्याधिकारी सलील पारेख यांना 80 कोटी 62 लाख रुपये मिळाले. कंपनीत माणसं सव्वातीन लाखांच्या जवळपास. ती सगळी रक्कम काढून सगळ्यांना सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाचे अडीच हजार रुपये येतात, महिन्याचे दोनशे. हिंजवडीत तेवढ्यात दोघांचं एक वेळचं जेवणही धड होत नाही.

पोरांचा पगार अडकलाय तो वेगळ्याच कारणानं. दर वर्षी लाखोंनी इंजिनिअर बाहेर पडतात आणि पहिल्या नोकरीसाठी रांगेत उभे राहतात. सव्वातीन लाखांत माणूस मिळतोय म्हटल्यावर कंपनी साडेसहा कशाला देईल? याला बाजारभाव म्हणतात, आणि तुमच्या मुलाला तो अगदी काटेकोरपणे लावला जातो.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. वरच्या मजल्यावरच्या पगाराचं समर्थन करतानाही ‘बाजारभाव’ हाच शब्द वापरतात. पण तिथे बाजार कुठे आहे? आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. त्याच 2024-25 मध्ये टीसीएसचे के. कृतिवासन यांना 26 कोटी 52 लाख मिळाले. टीसीएसमध्ये माणसं सहा लाखांवर, नफा 48 हजार कोटींच्या पुढे. इन्फोसिसचा नफा 26 हजार 700 कोटींच्या घरात. म्हणजे दुप्पट माणसं आणि पावणेदोन पट नफा सांभाळणाऱ्याला तिसरा हिस्सा पगार. सगळ्यांना पगाराच्या क्रमानं उभं करून बरोबर मधोमध येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगाराशी तुलना केली, तर टीसीएसमध्ये साहेबांचा पगार सुमारे 330 पट आहे आणि इन्फोसिसमध्ये 750 पटींच्या आसपास. धंदा तोच, गिऱ्हाईकं बरीचशी तीच, कॅम्पसवरून उचललेली पोरंही तीच.

बँकांमध्ये तर याहून गंमत आहे. 2022-23 मध्ये स्टेट बँकेनं 50 हजार कोटींवर नफा कमावला, एचडीएफसी बँकेनं 44 हजार कोटींच्या आसपास. दोन्हींची मुख्यालयं मुंबईतच. स्टेट बँकेच्या अध्यक्षांचा वर्षाचा पगार होता 37 लाख आणि एचडीएफसी बँकेच्या प्रमुखांचा साडेदहा कोटी. स्टेट बँकेच्या अध्यक्षांना मलबार हिलवर बंगला मिळतो, त्याचं भाडं धरायचं तर 37 लाखांचा आकडा फसवा आहे, हे मान्य. पण बंगला धरला तरी गणित जुळत नाही. देशातली सगळ्यात मोठी बँक चालवायला लायक माणूस या पगारात मिळतो आणि टिकतो. मला विचाराल तर स्टेट बँक फार कमी देते. पण ‘कोटी मोजल्याशिवाय गुणी माणूस मिळतच नाही’ असं कुणी म्हणालं की मी त्याला नरिमन पॉइंटचा, स्टेट बँकेच्या मुख्यालयाचा, रस्ता दाखवते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माणसं पळवली जातात हे खरं आहे. इन्फोसिसचे अध्यक्षपदावरचे रवी कुमार 2022 मध्ये बाहेर पडले आणि 2023 च्या जानेवारीत कॉग्निझंटचे प्रमुख झाले. तिथलेच मोहित जोशी गेले ते टेक महिंद्राचे प्रमुख व्हायला. शिवाय पारेखांच्या 80 कोटींपैकी निम्म्याहून जास्त रक्कम शेअर्सच्या रूपातली आहे. शेअरचा भाव चढला की आकडा फुगतो, पडला की आटतो. पेपरात ‘22 टक्के पगारवाढ’ असा मथळा येतो, तेव्हा त्यात हे सगळं एकत्र कालवलेलं असतं.

आता हे आकडे ठरतात कसे ते सांगते, कारण ते मी जवळून पाहिलंय. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला मानधन समिती नेमावी लागते. आमच्यात तिला नुसतं एनआरसी म्हणतात. त्यात रोजच्या कारभाराबाहेरचे संचालक असतात, त्यातही स्वतंत्र, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेले, संचालक जास्त. कागदावर उत्तम व्यवस्था आहे. मी ज्या कंपनीत होते (नाव नको), तिथे सल्लागार कंपनीचा एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन यायचा आणि पडद्यावर एक तक्ता दाखवायचा: आपल्यासारख्या पंधरा-वीस कंपन्या आणि त्यांच्या साहेबांचे पगार. खरी मेख ‘आपल्यासारख्या’ मध्ये. एका वर्षी त्या यादीत आमच्या तिप्पट उलाढालीच्या दोन कंपन्या येऊन बसल्या. कुणी आणल्या, का आणल्या, कुणी विचारलं नाही. मीही नाही, मी तिथे टिपणं घ्यायला होते.

मग तक्त्यावर दोन रेघा. एक मधोमध, दुसरी पाऊण उंचीवर. कुठल्याही समितीत कुणी म्हणत नाही की आपला माणूस बेताचा आहे, त्याला मधल्या रेघेच्या खाली ठेवू. तसं म्हणायचं तर त्याला नेमलं कुणी, हा प्रश्न येतो आणि नेमणारे तेच असतात. त्यामुळे सगळे पाऊण रेघेकडे बोट दाखवतात. प्रत्येक कंपनीनं असं केलं की पुढच्या वर्षी ती रेघच वर सरकते. साहेब तोवर शेजारच्या केबिनमध्ये बसलेले, कारण स्वतःच्या पगाराच्या चर्चेत त्यांना बसता येत नाही. त्यांचा चहा संपायच्या आत त्यांना परत बोलावलं जायचं. ‘सविस्तर चर्चेअंती समितीने एकमताने शिफारस केली’ हे वाक्य माझ्या मसुद्यात आदल्या दिवशीच टाइप केलेलं असायचं, आणि ते बदलावं लागल्याचं मला आठवत नाही. समितीतली माणसं लबाड होती असं नाही. पण बहुतेक जण दुसऱ्या कंपन्यांचे माजी एमडी. त्यांचे पगारही कधीकाळी अशाच तक्त्यावरून ठरलेले. त्यांना तो आकडा मोठा वाटणार कसा?

मर्यादेबद्दल. सरकारनं मर्यादा घातलीच नाही असं नाही, ती घातलेली आहे. कंपनी कायद्याच्या कलम 197 प्रमाणे सगळ्या संचालकांचं मिळून मानधन निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांवर जायचं नाही, आणि एकच एमडी असेल तर त्याचं 5 टक्क्यांवर. हे 11 टक्के 1956 च्या कायद्यापासून चालत आलेत. नफा दहा कोटी असेल तर ही मर्यादा बोचते. 26 हजार कोटींवर 5 टक्के म्हणजे तेराशे कोटींच्या पुढे! हत्तीच्या पायात मांजराची घंटा बांधल्यासारखं आहे ते. मर्यादा ओलांडायची तर पूर्वी दिल्लीची परवानगी लागायची. 2018 पासून ती गेली, आता भागधारकांचा विशेष ठराव पुरतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी 75 टक्के बाजूने हवीत.

मर्यादा आणखी कडक करावी का? मला शंका आहे. अमेरिकेनं 1993 मध्ये नियम केला की बड्या अधिकाऱ्याचा दहा लाख डॉलरच्या वरचा पगार कंपनीला करातून वजा करता येणार नाही. कामगिरीशी जोडलेल्या रकमेला त्यातून सूट दिली. कंपन्यांनी पगार दहा लाखांवर रोखून उरलेलं शेअर ऑप्शनमध्ये, म्हणजे ठरलेल्या भावानं शेअर घेण्याच्या हक्कात, ओतलं, आणि एकूण रकमा आधीपेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या. स्वित्झर्लंडमध्ये 2013 साली सरळ सार्वमतच घेतलं: साहेबाचा पगार सगळ्यात कमी पगाराच्या बारा पटींच्या आत हवा का? 65 टक्के लोकांनी नको म्हटलं.

माझा भरवसा त्यापेक्षा मतपेटीवर आहे, भागधारकांच्या. टाटा मोटर्सचं 2014 चं प्रकरण आमच्या धंद्यात अजून बोललं जातं. जग्वार-लँड रोव्हर धरून समूहाचा नफा भरघोस होता, पण नुसत्या भारतातल्या कंपनीचा नफा आटलेला, आणि कायदा तोच मोजतो. वरच्या अधिकाऱ्यांचं मानधन मर्यादेबाहेर गेलं म्हणून तीन विशेष ठराव आणावे लागले. 75 टक्के मतं हवी होती. तीनही ठराव पडले! टाटांच्या कंपनीत असं होईल हे कुणाच्या गावी नव्हतं. पुढच्या वर्षी कंपनीनं पुन्हा भागधारकांकडे जाऊन मंजुरी मिळवली, पण त्याआधी मोठ्या गुंतवणूकदारांना समजावत फिरावं लागलं.

2021 च्या ऑगस्टमध्ये आयशर मोटर्समध्ये, म्हणजे रॉयल एनफिल्ड बनवणाऱ्या कंपनीत, तेच झालं. सिद्धार्थ लाल यांची एमडी म्हणून फेरनियुक्ती आणि पगार असा एकत्र ठराव होता. कोविडचं वर्ष, आणि ठरावात पगारवाढीची तरतूद. हाही विशेष ठराव होता. 27 टक्क्यांच्या आसपास मतं विरोधात पडली आणि ठराव पडला. लाल कुटुंबाकडे जवळजवळ निम्मे शेअर असताना! विरोधातली मतं बहुतेक फंड आणि संस्थांची. मग संचालक मंडळानं पगाराची कमाल मर्यादा नफ्याच्या दीड टक्क्यावर आणली, नियुक्ती आणि पगार यांचे ठराव वेगळे केले, तेव्हा ते मंजूर झाले. कुणी मोर्चा काढला नव्हता.

आणि इथे तुमच्या दोन हजारांचा संबंध येतो. तुमची एसआयपी शेअर बाजारातल्या फंडात जात असेल, तर त्या फंडाकडे या कंपन्यांचे शेअर आहेत आणि त्यांच्यासोबत मताचा हक्क आहे. एप्रिल 2022 पासून फंडांना कंपन्यांच्या प्रत्येक ठरावावर मत देणं सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, सक्तीचं केलंय, आणि कुठे काय मत दिलं, का दिलं, हे त्यांना स्वतःच्या वेबसाइटवर टाकावं लागतं. मुलाला सांगा, तो पाच मिनिटांत काढून देईल. मानधनाच्या ठरावांपुढे ‘बाजूने’, ‘बाजूने’, ‘बाजूने’ अशी रांग दिसली, तर फंडाला ईमेल करून कारण विचारा. ‘नेहमीच्या व्यवहारातील ठराव’ असलं गुळमुळीत उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

मुलाला आणखी एक सांगा. कंपनीच्या वार्षिक अहवालात संचालकांच्या अहवालाला जोडून एक परिशिष्ट असतं. त्यात साहेबाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट, आणि त्या वर्षी साहेबाला किती टक्के वाढ आणि बाकीच्यांना सरासरी किती, हे छापावंच लागतं. पटीपेक्षा मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. 2017 मध्ये नारायण मूर्तींनी इन्फोसिसच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पगारवाढीवर जाहीर आक्षेप घेतला, तो याच मुद्द्यावर: बहुतेकांना 6 ते 8 टक्के, वरच्या माणसाला 60 ते 70 टक्के, हे योग्य नाही. तो साधा ठराव होता, निम्म्याहून जास्त मतं पुरत होती, म्हणून तरीही मंजूर झाला, पण साधारण तिसरा हिस्सा मतं विरोधात गेली. एवढी मतं विरोधात पडली की पुढच्या वर्षी त्या तक्त्यावर कुणीतरी प्रश्न विचारतं. मी अशी एक बैठक पाहिलीय. त्या वर्षी साहेबांना दोनदा चहा घ्यावा लागला.

प्रश्न: मुकेश अंबानी 2020-21 पासून पगारच घेत नाहीत, त्याआधीही बरीच वर्षं 15 कोटींवर थांबले होते. मग बाकीच्यांनी त्यांचा कित्ता का गिरवू नये? (एक वाचिका, फोंडा)

उत्तर: कारण बाकीच्यांचं घर पगारावर चालतं, त्यांचं चालत नाही. रिलायन्सचे निम्म्याच्या आसपास शेअर अंबानी कुटुंबाकडे आणि त्यांच्या कंपन्यांकडे आहेत. लाभांश जाहीर झाला की त्यातला तेवढा वाटा तिकडे जातो, त्यापुढे 15 कोटी किरकोळ. चांगला पायंडा आहे, नाही म्हणत नाही. पण मालकानं पगार सोडणं आणि नोकरीवरच्या एमडीनं सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मला काळजी आहे ती उलट्या प्रकारच्या मालकांची. कंपनी मध्यम, नफा बेताचा, आणि वडील, दोन मुलं, एक सून असे चौघं पूर्णवेळ संचालक. आपला हात जगन्नाथ! सेबीनं 2019 पासून यावर एक चाप लावलाय. मालक कुटुंबातल्या एका संचालकाचा पगार 5 कोटी किंवा नफ्याचे अडीच टक्के, यांतली जी रक्कम मोठी असेल तिच्या वर गेला, किंवा असे एकापेक्षा जास्त संचालक असून सगळ्यांचा मिळून नफ्याच्या 5 टक्क्यांवर गेला, तर विशेष ठराव लागतो. तुमच्याकडे अशा कंपनीचे पन्नास शेअर जरी असले, तरी ई-व्होटिंगचा ईमेल येतो. बहुतेक जण तो न उघडता डिलीट करतात. उघडा, आणि ठरावासोबतचं स्पष्टीकरण वाचा. संचालकाच्या नावापुढे ‘इतर संचालकांशी नाते’ असा रकाना असतो, तो आधी बघायचा.