महागड्या स्पोर्ट्स घड्याळाला रबरी पट्टा कोणता घ्यावा? कंपनीचाच घ्यावा की बाहेरचा चालतो, आणि रंग कोणता? माझं ओमेगाचं ४२ मिलीमीटरचं सीमास्टर आहे. रबर ते रबरच ना?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘रबर ते रबरच ना?’ त्या वाक्यामुळे लिहायला बसलो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत रबर मोल्डिंगमध्ये माझी २४ वर्षं गेली. ऑइल सील, ओ-रिंग, डिझेल पंपांचे सील. आणि नेमकं हेच वाक्य मी सख्ख्या मेव्हण्याच्या तोंडून पाच वर्षं ऐकलं.

त्याची निफाड तालुक्यात द्राक्षबाग. २०१९ ला माल चांगला गेला आणि त्याने तुमच्यासारखंच ओमेगाचं ४२ मिलीमीटरचं सीमास्टर घेतलं, निळ्या डायलचं, स्टीलच्या चेनचं. देखणं घड्याळ आहे, वादच नाही. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, रोज बागेत घालणार असशील तर रबरी पट्टा लाव, चेन लग्नकार्याला ठेव. तर घरात पाहुणे बसलेले असताना म्हणाला, “दाजी, एवढ्या मोलाच्या घड्याळाला तुमचं ते टायरचं रबर लावू?”

टायरचं रबर! आम्ही जे एफकेएमचे, म्हणजे फ्लोरिन असलेल्या कृत्रिम रबराचे, सील काढतो ते गरम तेलात, दीडशे-दोनशे अंशांत वर्षानुवर्षं बसतात आणि आकार सोडत नाहीत. मोल्डमधून निघाले की पुन्हा कित्येक तास ओव्हनमध्ये दोनशेच्या वर भाजावे लागतात, तेव्हा कुठे ते पूर्ण तयार होतात. चांगल्या घड्याळांच्या पट्ट्याला आज हेच एफकेएम वापरतात. त्याला तेव्हाच सांगितलं होतं की हुब्लोने १९८० साली सोन्याच्या घड्याळाला नैसर्गिक रबराचा पट्टा लावला. पाटेक फिलिपचं अक्वानॉट १९९७ ला आलं तेच रबरासारख्या कंपोझिट पट्ट्यावर. रोलेक्सने २०१५ ला सोन्याच्या यॉट-मास्टरला जो ऑयस्टरफ्लेक्स दिला, त्याच्या आत टायटॅनियम-निकेलची पातळ पाती आहे आणि वरून काळं इलॅस्टोमर, म्हणजे रबरासारखाच ताणला जाणारा पदार्थ. ही माणसं काय टायर लावतात? पण पाहुण्यांसमोर हसं झालं ते झालंच.

चार पावसाळे ती चेन बागेत गेली. श्रावणात बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाच्या, फवारण्या चालतात, ते मोरचूद आणि चुना कड्यांच्या फटीत जाऊन निळसर खपली धरायची. राखीला माहेरी गेली की माझी बायको दात घासायच्या ब्रशने ती काढत बसायची. पाचव्या वर्षी मेव्हण्याने पट्टा मागवला. मला न विचारता, ऑनलाइन, अठराशे रुपयांना. पाकिटावर ‘एफकेएम’ छापलेलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये सकाळी साडेआठला फोन. “दाजी, घड्याळ टाकीत पडलं.”

फवारणीच्या ब्लोअरची ६०० लिटरची टाकी, काठोकाठ बोर्डो. झाकण उघडून वाकला आणि वरचा अर्धा पट्टा पिनेपासून सुटला. सहा किलो मोरचूद न् सहा किलो चुना बांधावर सोडून द्यावा लागला, तेव्हा तळाला घड्याळ दिसलं. चालू होतं. ३०० मीटरपर्यंतच्या पाण्याच्या दाबाला बनवलेलं घड्याळ, त्याला टाकीचं काय! दगा दिला तो पट्ट्याने.

संध्याकाळी ड्युटी संपवून तडक निफाड गाठलं. दहा पटींचं भिंग कामामुळे बॅगेत असतंच. पट्ट्याला क्विक रिलीजची पिन होती, ती नखाने सरकवायची असते. तिच्या खुंटीसाठी पट्ट्याच्या मागच्या बाजूला छोटा चौकोनी खाचा ठेवतात. त्या खाच्याचा कोपरा काटकोनात, धारदार. कोपऱ्यापासून सुरू झालेली चीर थेट पिनेच्या भोकात गेलेली, ब्लेडने कापावी तशी सरळ आणि गुळगुळीत. आमच्याकडे नवीन पोरालाही पहिल्या महिन्यात शिकवतात: कोपऱ्याला गोलाई दे, नाहीतर माल तिथूनच फाटणार.

आणि ती सरळ चीर बघताच मला शंका आली की हे एफकेएम नाहीच, सिलिकॉन आहे. सिलिकॉन मऊ, हाताला गोड, घामाला बरं. पण एकदा खाच पडली की चीर त्यात पळत जाते. मेव्हण्याने खिशातून लायटर काढला, म्हणाला जाळून बघू. मी हात धरला. तुम्हीही हे कधीच करू नका. खरं एफकेएम असेल आणि जळालं, तर हायड्रोजन फ्लोराइड निघतं. ते फुप्फुसाला जाणं म्हणजे खेळ नाही.

घरच्या घरी ओळखायची पद्धत याहून सोपी आहे. बक्कल आणि पिना काढा. पट्टा छोट्या डिजिटल काट्यावर तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि पट्टा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बुडबुडे झटकून टाका. काट्यावर जेवढे ग्रॅम वाढले तेवढे मिलीलीटर त्याचं आकारमान. वजनाला त्याने भागा. सिलिकॉन १.१ ते १.२ च्या आसपास येतं, एफकेएम १.८ च्या पुढेमागे. मधे गोंधळ व्हायला जागाच नाही. मेव्हण्याचा पट्टा १९ ग्रॅम भरला, पाण्यात काटा १६ वर गेला. म्हणजे १.१९. खरं एफकेएम असतं तर तोच पट्टा २९ ग्रॅमच्या आसपास गेला असता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सासूबाई आणि बायको यांच्यासमोर हा हिशेब मांडला. मेव्हणा एवढंच म्हणाला, “दाजी, तुम्ही आणा मग एक.”

आणला. आता दोन पावसाळे झाले, त्याच भोकाकडे मी प्रत्येक भेटीत भिंग लावतो. केसाएवढीही चीर नाही.

आता तुमचं. पहिला पट्टा शक्यतो कंपनीचाच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, महाग असला तरी. कारण त्याची टोकं घड्याळाच्या अंगाला बसतील अशीच केलेली असतात आणि पिनेची जाडी जुळते. बाहेरचा घ्यायचाच असेल तर आधी ब्रँड विचारू नका, कंपाउंड विचारा, म्हणजे रबर नेमकं कोणतं ते. नुसतं ‘प्रीमियम रबर’ म्हणणाऱ्याकडून उठून या. हातात घेऊन उलटा करा, खाच्याचे कोपरे आणि भोकाची कड बघा, कडेला मोल्डिंगचा पातळ फ्लॅश, म्हणजे जास्तीच्या रबराचा पापुद्रा, राहिला असेल तर कारागिरी तिथेच कळली. तुमच्या सीमास्टरला लगमधलं, म्हणजे पट्टा अडकतो त्या दोन शिंगांमधलं, अंतर २० मिलीमीटर आहे, २२ चा दाबून बसवून देतो म्हणणारे भेटतील, ऐकू नका. पिन मात्र चांगली घ्या, पट्ट्यासोबत येणारी हलकी पिन टाकून द्या. नैसर्गिक रबर सुंदर असतं, पण ऊन आणि तेल त्याला सोसत नाही, वळणावर तडे जातात. नाशिकच्या एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणारे असाल तर तो नादच नको. पॉलियुरेथेनचे पट्टे तर दमट हवेत काही वर्षांनी आपोआप चुरा होतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. २०२४ च्या शेवटी अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी घड्याळांचे २२ पट्टे तपासले, तेव्हा एफकेएमच्या जातीच्या बऱ्याच पट्ट्यांत पीएफएचएक्सए नावाचं, सहज नष्ट न होणारं फ्लोरिनचं रसायन सापडलं, आणि महागड्या पट्ट्यांत फ्लोरिन जास्त होतं. कातडीतून ते किती आत जातं हा प्रश्न उरतोच. मी स्वतः एफकेएमच घालतो, पण झोपताना काढतो आणि नवा पट्टा आधी साबणाच्या पाण्याने धुतो. लहान मुलाला पट्टा घ्यायचा असेल, किंवा ज्याला हे रसायनच नको असेल, त्याने चांगल्या बनावटीचं सिलिकॉन घ्यावं आणि दर महिन्याला ते पिनेचं भोक बघावं. मेव्हण्याला हेही सांगितलं. तो म्हणाला, आता पुन्हा सिलिकॉन नको.

रंगाचं विचारलंत. काळा. फिकट सिलिकॉनवर जीन्सचा निळा डाग बसला की निघता निघत नाही, आणि बागेत, कारखान्यात, पावसात काळ्यावर काही दिसत नाही. निळ्या डायलला निळा पट्टा छान दिसतो खरा, मेव्हण्याने हट्टाने तोच घेतला.