बोलेरो पिकअप ८० च्या पुढे गेली की थरथरते, चाकांचं बॅलन्सिंग दोनदा करूनही फरक नाही. काय बघावं?

आधी थरथर कुठे लागते ते बघा. स्टेअरिंग हातात थरथरत असेल तर पुढची चाकं. सीट आणि फ्लोअर थरथरत असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा).

मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याच स्पीडला दोन सेकंद क्लच दाबा. थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा संबंध नाही. मग पुढची-मागची चाकं अदलाबदल करा. थरथरीने जागा बदलली तर दोष चाकातच. बॅलन्सिंग मशीन फक्त वजन जुळवतं. टायरचा फुगवटा किंवा वाकडी रिम त्याने सुधारत नाही. जॅकवर चाक फिरवून कडेजवळ स्क्रू-ड्रायव्हर स्थिर धरा, अंतर कमी-जास्त होतंय का ते लगेच दिसेल. रिमच्या आतला वाळलेला चिखलही काढा. बॅलन्सिंगवाले बऱ्याचदा तो तसाच ठेवतात!

जागा बदललीच नाही तर शाफ्टखाली शिरा. चाकांना दगड किंवा ठोकळे लावून शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) खेळ किंवा गंजाची लाल पूड दिसली की क्रॉस गेला. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर त्याला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबरही तपासा. क्रॉस नुकताच बदलला असेल तर शाफ्ट काढण्याआधीच्या खुणेवरच बसवलाय का, ते मेकॅनिकला विचारा. आणि लोडसाठी मागे स्प्रिंगचे पाटे वाढवलेत का? त्याने शाफ्टचा कोन बिघडतो.