ती गोळी कितव्या आठवड्यात घेतली?

प्रश्न : पाळी चुकायच्या आधी ताप होता, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या तीन दिवस घेतल्या. आता दिवस गेल्याचं कळलंय. सासूबाई म्हणतात, मूल अधू होईल, पाडलेलं बरं. (इचलकरंजी)

उत्तर : पाडायचं कशाला? आधी गोळ्यांचं रिकामं पाकीट शोधा. पुडीत सुट्या दिल्या असतील तर मेडिकलवाल्याकडून नावं लिहून आणा. पॅरासिटामॉल, सेट्रिझिन असलं काही निघालं तर हा विषय घरात पुन्हा काढू नका.

गर्भधारणेनंतरचे पहिले दोन आठवडे, म्हणजे साधारण पाळी चुकेपर्यंत, अवयव घडायला सुरुवातच झालेली नसते. त्या काळात जबर इजा झाली तर गर्भ टिकत नाही. टिकला तर बहुधा धड वाढतो. खरा नाजूक काळ त्यानंतरचा, तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचा. (दवाखान्याच्या कार्डावरचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, ते दोनने जास्त असतात.) १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीला आलेली थॅलिडोमाइड ही झोपेची, मळमळीची गोळी याच दिवसांत घेतलेल्या बायकांच्या दहा हजारांहून अधिक मुलांना हातापायांची व्यंगं देऊन गेली. १९६१ मध्ये ती मागे घेतली गेली.

पाकिटावर मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन किंवा संधिवातावरची मेथोट्रेक्सेट असं नाव दिसलं, तर मात्र आजच तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : सातवा महिना आहे, कंबर फार दुखते. घरात ब्रुफेन असते, अधूनमधून घेते. पहिल्या खेपेलाही घेतली होती, काही झालं नाही. (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आजपासून बंद. पहिल्या खेपेला निभावलं ही चांगली गोष्ट, पण तो पुरावा नव्हे.

पोटातलं बाळ फुफ्फुसांवर जगत नाही. त्याची फुफ्फुसं पाण्याने भरलेली असतात आणि ऑक्सिजन येतो वारेतून, नाळेवाटे. त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूचं बहुतेक रक्त फुफ्फुसांत न जाता एका आखूड रक्तवाहिनीतून थेट महाधमनीत वळतं. हिचं नाव डक्टस आर्टिरिओसस. जन्मानंतर ती आपोआप मिटते. तोवर तिला उघडं ठेवण्यात प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांचा मोठा वाटा असतो. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या दुखणं थांबवतात ते नेमकं हेच द्रव्य कमी करून. मग ती वाहिनी पोटातच आकसू लागते आणि बाळाच्या हृदयावर ताण येतो. सातव्या महिन्यापासून हा धोका वाढत जातो. गंमत म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही वाहिनी मिटली नाही, तर बालरोगतज्ज्ञ ती मिटवायला हेच औषध वापरतात!

दुसरा मुद्दा पाण्याचा. सोनोग्राफीत ‘पाणी कमी आहे’ म्हणतात, ते गर्भजल या महिन्यांत मुख्यतः बाळाची लघवीच असते. या गोळ्यांनी त्याची मूत्रपिंडं मंदावतात. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासूनच त्या टाळायला सांगितलं. काँबिफ्लाममध्येही ब्रुफेनच असते, हे पुष्कळांच्या गावी नसतं. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी दिलेली कमी डोसची ॲस्पिरिन मात्र या यादीत धरून स्वतःहून बंद करू नका.

कंबरेला पॅरासिटामॉल चालेल, तीही विचारून. कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. पण कळ येऊन-जाऊन येत असेल आणि पोट कडक होत असेल, तर ती कंबरदुखी समजू नका. लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : बहिणीला फिट येतात, व्हॅल्प्रोएट चालू आहे. लग्न ठरलंय. दिवस गेले की गोळी बंद करायची ना? (गडहिंग्लज)

उत्तर : नाही, तोवर उशीर झालेला असेल. ज्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या दहा आयांपैकी साधारण एकीच्या बाळात जन्मजात व्यंग असतं. बोलणं, शिकणं मागे पडणारी मुलं त्याहून जास्त, दहांत तीन-चार. आणि गोळी एकदम थांबवली तर मोठी फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे आत्ताच जा. लिव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिनवर बदलता येतं का ते तेच ठरवतील, फोलिक ॲसिडही आधीच सुरू करतील. सासरी सांगायचं की नाही, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सांगा. चोरून घेतलेल्या गोळ्या हमखास चुकतात.

प्रश्न : बायकोला शुगर निघाली, इन्सुलिन सांगितलंय. बाळाला सुई बाधेल का? (कळंबा)

उत्तर : इन्सुलिनचा रेणू मोठा, तो वार ओलांडत नाही. साखर मात्र ओलांडते, आणि ती पचवायला बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवून अंगाने फुगतं. सुई सुरू करा.

प्रश्न : मी मशेरी लावते. पोटात जात नाही, थुंकते. आईनेही पाच बाळंतपणं अशीच काढली. (कागल)

उत्तर : निपाणी-कागल पट्ट्यात तंबाखू शेतात पिकते आणि तव्यावर भाजून मशेरी होते, त्यामुळे तिला कुणी व्यसन म्हणतच नाही. निकोटिनला पोटात जावं लागत नाही; ते हिरड्यांतून रक्तात उतरतं आणि वार ओलांडतं. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुख्यतः मशेरी लावणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणंही वाढली. तुमच्या आईची पाचही बाळं जन्मतः किती भरली होती, कुणी तोललं होतं का?

सकाळची पहिली मशेरी सोडणं सगळ्यात जड जातं. तिथे साधी पेस्ट आणि ब्रश ठेवा, डबी घरातून काढा, आणि घरातल्या दुसऱ्या बाईनेही तुमच्यासमोर लावू नये असं सांगा. नाहीच जमलं तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते. गरोदर आहात, हे फोनवर आधी सांगा.