फ्रीॲटिक उद्रेक म्हणजे 'भूजलीय' का?

प्रश्न असा आहे की जपानच्या ओंताके ज्वालामुखीबद्दल वाचताना 'फ्रीॲटिक उद्रेक' असा शब्द लागला, तर त्याला मराठीत 'भूजलीय उद्रेक' म्हटलं तर चालेल का.

शब्दाला शब्द म्हणून चूक नाहीये. मूळ ग्रीक फ्रेआर म्हणजे चक्क विहीर, त्यावरून ते जमिनीखालचं पाणी. पण भूजलीय उद्रेक म्हटलं की मला तरी बोअरला पाणी लागून कारंजं उडाल्यासारखं काहीतरी दिसतं. ओंताकेला २७ सप्टेंबर २०१४ ला पाणी असं वर उसळलंच नाही, आतल्या उष्णतेनं त्याची एकदम वाफ झाली, आणि साध्या हवेच्या दाबाला पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, जागा मिळाली नाही की मग वरचा खडक फोडूनच बाहेर. लाव्हा नाही काही नाही, नुसती वाफ, राख आणि दगड. शनिवारची दुपार, माथ्यावर ट्रेकर्स जेवायला टेकलेले. ६३ जण गेले, त्यातल्या पाच जणांचा पत्ताच लागला नाही.

म्हणून माझं मत 'बाष्पोद्रेक'ला. वाफ हा शब्द बाष्पावरूनच आलाय, त्यामुळे परका वाटत नाही. 'वाफोद्रेक' मात्र कृपया नको, दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

आता यातच एक घोळ होतो. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक (मॅग्मा), स्वतः पाण्याला भिडला तर तो वेगळा प्रकार, फ्रीॲटोमॅग्मॅटिक. (आत असतो तोवर शिलारस, बाहेर आला की लाव्हा, हे दोन शब्द पण लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.) १९६३ च्या नोव्हेंबरात आइसलंडच्या दक्षिणेला समुद्रातून सर्टसी बेट वर आलं ते असंच, शिलारसाचा पार चुरा होऊन काळी राख उडत होती. याला मी सरळ 'शिलारस-जल उद्रेक' म्हणेन, जोडाक्षरांचा डोंगर कशाला.

पण लाव्हा पाण्यात पडला की स्फोट झालाच, असंही नाही हं. डोशाचा तवा फार तापला की त्यावर शिंपडलेलं पाणी चर्रकन आटत नाही, थेंब गोळ्या होऊन पळत सुटतात कारण खाली वाफेचा पातळ थर असतो. लाव्हाभोवतीही तसाच थर धरतो, म्हणून हवाईत तो दिवसेंदिवस समुद्रात नुसता धुमसत उतरतो. तो थर मोडला आणि रसाचे बारीक तुकडे होऊन पाण्यात मिसळले की मग सगळी उष्णता एका झटक्यात पाण्याला मिळते. १६ जुलै २०१८ ला तिथेच लाव्हा बघायला गेलेल्या बोटीवर दगड येऊन पडला, २३ जण जखमी.

शिलारसातला रस पण मला फार आवडतो. आमचे मामा कोल्हापूरकडे फाउंड्रीत होते, ते वितळलेल्या लोखंडाला रसच म्हणायचे. रस ओतायच्या आधी लॅडल, म्हणजे रस धरायचं भांडं, तापवून कोरडी करायचीच, कारण तळाशी ओल राहिली तर वरून रस आणि खाली अडकलेलं पाणी, वाफेला वाट नाही. मग मामांच्या भाषेत 'रस उडायचा', आणि त्यांच्या उजव्या मनगटावर त्याचे तीन डाग होते.